खळ्यातलं ड्राइव्ह-इन आणि भंगारातला डबा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दिवाळीत मुंबईला पुतण्याकडे गेलो होतो. "काका, तुम्हाला एक गंमत दाखवतो," म्हणाला आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मॉलच्या गच्चीवर गाडी चढवली. २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं ड्राइव्ह-इन थिएटर. २९० गाड्या मावतात म्हणे. समोर भला मोठा पडदा, आवाज गाडीतल्या एफएमवर, काचा बंद, एसी चालू. पॉपकॉर्नचा भाव सांगत नाही, तुमचा दिवस खराब होईल. सिनेमा बरा होता. तरी मध्यंतरापर्यंत मला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं आणि कारण सापडत नव्हतं. मग एका विनोदाला आम्ही चौघं हसलो तेव्हा ट्यूब पेटली. बाजूच्या गाडीतलेही हसत होते, त्यांचे दात दिसत होते, पण आवाज आमचा आम्हालाच.

घरी येताना डोक्यात आजोळचा तंबू. गुहागर तालुक्यात, १९७६-७७ च्या सुमाराची गोष्ट. भात झोडून झालं, खळी सारवली की एक दिवस जीप धूळ उडवत यायची, टपावर दोन कर्णे. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, ताडपत्रीचा तंबू लागायचा. त्याला छप्पर नव्हतं, चारी बाजूंनी कनातीसारखा नुसता आडोसा, वर चांदणं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये सुंभाची दोरी. आम्ही घरून गोणपाट घेऊन जायचो. शेजारच्या वाड्यांतली माणसं बैलगाड्या घेऊन यायची, बैल सोडून कडेला बांधायची, आणि काही म्हातारे गाडीतून उतरायचेच नाहीत. जूवर टेकून, गाडीतल्या पेंढ्यावर रेलून आडोशाच्या वरून दिसेल तेवढा सिनेमा बघायचे, फुकट. ते आमचं ड्राइव्ह-इन!

आता मूळ मुद्दा. परवा हायवेला सावर्ड्याच्या पुढे एका भंगारवाल्याकडे थांबलो होतो. चौपदरीकरणात पाडलेल्या घरांचं सामान त्याच्याकडे येतं : वासे, कौलं, चौकटी. मला एक जुना कडी-कोयंडा हवा होता. सायकलींच्या ढिगाखाली एक गोल चपटा पत्र्याचा डबा दिसला, झाकणावर गंज. मला वाटलं चकल्यांचा. उघडला तर आत फिल्मचं रीळ. वजन केलं, अडीच किलो भरलं. चारशे म्हणाला, अडीचशेला दिलं. कडी-कोयंडा राहिलाच.

हे काय असेल, कसं बघायचं, कुणाला कळत असेल तर सांगा. आणि तंबूच्या आठवणी, बाजारात स्वस्तात गवसलेल्या वस्तू, सगळं येऊ द्या.

आंबोळी

ह्या वाचून माका माझा आजोळ आठावला. आमच्या हय तंबू येय तो जत्रेच्या दिसांनी. म्हातारी माणसां दशावताराक, पोरां तंबूत. आवशीचो डोळो चुकवन मामाच्या वांगडा पळत जाव.

(आता प्रमाण मराठीत लिहिते, नाहीतर संपादक येतील.)

आमचा मामा चिक्कू. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं तर अर्धं तिकीट असायचं, कारण कापड पातळ, चित्र पलीकडूनही दिसायचं. फक्त उलटं. मी तिसरी-चौथीपर्यंत सगळे सिनेमे मागून बघितले. त्यामुळे माझी ठाम समजूत होती की हिरो लोक डावखुरे असतात. जेवतात डाव्या हाताने, मारतात डाव्या हाताने, पूजासुद्धा डाव्या हाताने. आजी म्हणायची डाव्या हाताने नैवेद्य दाखवू नये, आणि मला वाटायचं हिला काय माहीत, सिनेमात बघ. पुढे एकदा टीव्हीवर तोच सिनेमा लागला तेव्हा मी भावाला म्हटलं, टीव्ही बिघडलाय.

रिळाचं काय ते जाणकार सांगतील. मी फक्त वाट बघतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

ऑपरेटरचा_मुलगा

वाशिष्ठीकाठ साहेब, आधी एक हात जोडून विनंती. ते रीळ कुठल्याही मशीनवर चढवू नका, जोराने उलगडू नका, आणि दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नका. कडेला, छिद्रांच्या बाहेर, बारीक अक्षरं असतात. तिथे 'सेफ्टी' असं इंग्रजीत दिसतंय का बघा. दिसलं तर जीव भांड्यात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही फिल्म नायट्रेटवर असायची आणि ती भयंकर पेटते, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. तुमचं बहुधा नसेल, पण बघून घ्या.

मग वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागलीय. सेफ्टी फिल्मचा तो रोगच आहे, आणि कोकणातली दमट हवा म्हणजे त्याला खतपाणी. झाकण घट्ट बसवू नका, आत कोंडलेल्या वाफेने आणखी बिघडते. दुसरं रीळ असेल तर शेजारी ठेवू नका, त्यालाही लागतं.

अडीच किलो म्हणजे साधारण हजार फुटांचं असणार. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला १६ चित्रं, सेकंदाला २४ पळतात. हजार फूट म्हणजे अकरा मिनिटांच्या आसपास. सिनेमाचा एक तुकडा असेल किंवा काहीतरी छोटं.

माझे बाबा कोल्हापूरकडच्या एका तंबूत ऑपरेटर होते. दिवाळीनंतर आंबा घाटाने खाली उतरायचे ते मे संपेपर्यंत. पहिला वळीव पडला की ताडपत्री गुंडाळायची. सिनेमाच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. गाडी चुकली तर कालचाच सिनेमा पुन्हा, आणि पब्लिक काही म्हणायचं नाही, उलट संवाद आधी म्हणायचं. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं. त्या दोन मिनिटांत शेंगदाणेवाला गल्ला करायचा.

दिवा म्हणजे बल्ब नव्हे हो. कार्बनच्या दोन कांड्या, एक जाड, एक बारीक, टोकाला टोक भिडवून जरा लांब केल्या की मध्ये ठिणगीचा पूल उभा राहतो, वेल्डिंगसारखा. कांड्या जळत आखूड होतात, अंतर वाढतं, पडद्यावर चित्र पिवळं पडतं. मग पब्लिकमधून "ए ऽ ऽ कार्बन!" अशी आरोळी. बाबा काळपट हिरव्या काचेतून बघत स्क्रू फिरवून अंतर सावरायचे. दर दोन-चार मिनिटांनी. तीन तासांचा सिनेमा चालवणाऱ्या माणसाने सिनेमा कधी बघितलेलाच नसायचा, त्याने तीन तास ठिणगी बघितलेली असायची. कांड्यांना वरून तांब्याचा मुलामा असे. जळून उरलेली थोटकं आम्ही पोरं गोळा करायचो, तांब्याची साल सोलून भंगारवाल्याला विकायचो. चहा-भजीपुरते पैसे सुटायचे. माझी भंगाराशी ओळख तिथली.

मिठागर

सगळं छान आहे. पण स्मरणरंजनाचा चष्मा जरा पुसून घ्या मंडळी.

त्याच तंबूत डास होते. वाळूत पुढच्या पोराने केलेली शू असायची आणि तुमचं गोणपाट त्यावर. आवाज असा की अर्धे संवाद अंदाजाने. माझ्या काकाच्या मांडीवर विंचू चढला होता, ते उठून ओरडले तर लोकांना वाटलं गाणं आवडलं, मागून दोघांनी शिट्ट्या मारल्या. दोरीपलीकडे बसलेल्या बायकांना घरी जाईपर्यंत आडोसा मिळायचा नाही, हे कुणी लिहीत नाही. माझी आई एकदाच गेली, पुन्हा नाही.

मी एसीवाल्या गाडीत बसून सिनेमा बघायला आनंदाने तयार आहे. पुतण्याचा नंबर द्या.

आंबोळी

मिठागर, आडोशाचं अगदी खरं. आई आणि मावशी म्हणूनच दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत. हे मला आज, तुमचं वाचताना लक्षात आलं. तेव्हा वाटायचं सिनेमाच्या आनंदात विसरतात.

अमदावादी_देवरुखकर

मी मूळचा देवरुखचा, नोकरीमुळे तीस वर्षं अहमदाबादेत. तिथलं ड्राइव्ह-इन १९७३ पासूनचं. ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नावच ड्राइव्ह-इन रोड पडलंय. पण वाशिष्ठीकाठांना जे चुकल्यासारखं वाटलं ते तिथे वाटत नाही, कारण गुजराती माणूस गाडीत बसतच नाही! गाडी लावायची, डिकीतून सतरंजी काढायची, पुढ्यात अंथरायची, आणि डबे उघडायचे. थेपले, सुकी भाजी, छुंदा, ताकाची बाटली. शेजारच्या सतरंजीवरून लोणचं येतं. सिनेमा हा जेवणाचा जोडधंदा. म्हणजे तुमचं गोणपाटच.

मूळ अमेरिकेतली कथा मजेची आहे. रिचर्ड हॉलिंग्जहेड नावाच्या गृहस्थाने न्यू जर्सीत कॅम्डेनजवळ ६ जून १९३३ ला पहिलं ड्राइव्ह-इन काढलं. त्याआधी घराच्या परसात खटपट : गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर, झाडांना खिळे मारून चादर, चादरीमागे रेडिओ. पाऊस आला तर काय होईल म्हणून बागेला पाणी घालायचे फवारे स्वतःच्या गाडीवर सोडून बघितले. आपल्याकडे त्याला फवाऱ्याची गरज पडली नसती, जूनच्या ६ तारखेला धंद्याचं उद्घाटन करायला कोकणात कुणी धजलंच नसतं.

त्याची खरी युक्ती जमिनीत होती. गाड्यांच्या रांगांसाठी मातीचे चढ असे घातले की प्रत्येक गाडीचं नाक वर. पुढच्या गाडीच्या टपावरून मागच्याला दिसावं म्हणून. भाताची दळी उतारावर जशी एकावर एक असतात, तसंच दिसतं ते वरून. तिकीट गाडीला २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. आवाज मात्र सुरुवातीला पडद्यापाशी लावलेल्या मोठ्या कर्ण्यांतून, आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपासच पळतो, त्यामुळे शंभर मीटर मागच्या गाडीला ओठ आधी हललेले दिसायचे आणि शब्द सात-आठ चित्रं उशिरा. मग खांबांवर छोटे स्पीकर आले, ते काचेला अडकवायचे. मुंबईत वांद्र्याला जुनं ड्राइव्ह-इन होतं तिथे ते मी स्वतः अडकवलेत. एफएम फार नंतरचं.

१९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. मग जमिनीचे भाव वाढले, घराघरांत टीव्ही आला आणि बहुतेक मोडली. रिकाम्या जागांवर काय भरायला लागलं माहितीये? रविवारचे जुने बाजार. एवढी मोकळी जागा, पार्किंग, दिवसा पडदा बंदच. म्हणजे वाशिष्ठीकाठांनी एका धाग्यात दोन विषय घातलेत ते वाटतं तितकं विचित्र नाही.

देवगडी_जुनाबाजारकर

बोलावल्यासारखा आलो. माझं घर म्हणजे बायकोच्या भाषेत 'भंगाराची शाखा'.

अनुभवाचे बोल ऐका. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोरबाजार मटण स्ट्रीटला. तिथली दुकानं शुक्रवारी बंद, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. हातात टॉर्च घेऊन पाच-साडेपाचला पोचावं लागतं, सातनंतर गेलात तर चांगला माल दुकानदारांनीच उचललेला असतो आणि तोच तुम्हाला शनिवारी चौपट भावाने दिसतो. सिंधुदुर्गातल्यांना गोवा जवळ. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अजून खरा बाजार आहे, मिरची-सुक्या मासळीच्या बाजूला एखादं म्हातारं जुन्या चाव्या आणि पोर्तुगीज नाणी घेऊन बसलेलं असतं. हणजूणचा बुधवारचा बाजार हिप्पींनी सत्तरच्या दशकात सुरू केला तेव्हा ते परतीच्या खर्चासाठी आपलीच गिटार, आपलेच कॅमेरे विकायचे. आता तिथे हत्तीच्या चित्राचे पायजमे. जाऊ नका असं नाही, पण जुनं शोधायला जाऊ नका.

सगळ्यात उत्तम बाजार मात्र कोकणात मे महिन्यात भरतो आणि त्याला नाव नाही. चाकरमानी गावाला येतो, घराचं 'रिनोवेशन' काढतो, माळा रिकामा करतो. गेल्या मे महिन्यात आमच्याच वाडीत एकाने तांब्याचं घंगाळ, दोन हंडे आणि पितळी मापटी किलोच्या भावाने घातली. शेर-पायलीची ती मापटी! त्यावर सरकारी ठसा. मी पोचेपर्यंत टेम्पो कणकवली पार करून गेला होता. त्या माणसाशी मी अजून नीट बोलत नाही.

आता फसवणुकीचं. पितळी कर्णा लावलेला चकचकीत ग्रामोफोन दिसला की पळत सुटा. कर्णा नवा, खोका नवा, आतली मोटार कुठल्यातरी पेटीग्रामोफोनची, वर कुत्र्याचं स्टिकर. शंभरातले नव्वद असेच जुळवलेले. मी स्वतः बारा हजार घालवलेत ऑनलाइन एका विक्रेत्याकडे. आला तेव्हा खोक्याला फ्रेंच पॉलिशचा ओला वास येत होता. परत घ्यायला तयार नाही, म्हणतो 'अँटिक वस्तू परत होत नाहीत'. खरा हवा असेल तर काळ्या रेक्झिनची पेटीवाला, हँडलचा पोर्टेबल घ्या. दिसायला साधा, म्हणून कुणी नक्कल करत नाही. आणि कृपा करून त्यावर एलपी लावू नका! तो ७८ च्या लाखेच्या तबकड्यांसाठी आहे. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. एकच सुई महिनाभर चालवली तर तबकडीची कानस होते.

एचएमटीची घड्याळंही तशीच. १९६१ पासून सिटिझनच्या मदतीने बनायला लागली. जुन्या 'जनता'त १७ खड्यांचं चावीचं यंत्र, अजून झकास चालतं. पण बाजारात 'पायलट'चा जो काळा कुळकुळीत डायल दिसतो ना, तो बहुतेक वेळा गेल्या वर्षी रंगवलेला असतो. अक्षरांच्या कडा भिंगातून बघा, शाई फुटलेली दिसली की ठेवून द्या. पन्नास वर्षांचं घड्याळ आणि चेहरा काल जन्मलेला, असं नसतं.

रविवर्म्याच्या तसबिरींचं तर विचारू नका. त्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जुना छाप दगडावरचा, भिंगातून बघितलं तर रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, रांगोळीसारखे. नवा ऑफसेटचा असेल तर शिस्तीत ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतात. नाक लावा. मला एकदा चक्क वेलचीचा वास आला होता.

शिमगा२४

नवीन सभासद. आमच्या परड्यात एक जुनी दगडी मूर्ती आहे, कोणी विकत घेईल का? किंमत किती येईल?

देवगडी_जुनाबाजारकर

शिमगा, इथेच थांबा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची नोंदणी करावी लागते, विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर पाठवणं म्हणजे सरळ गुन्हा. पुरातत्त्व खात्याला कळवा. वीरगळ, सतीशिळा, देवळातलं काहीही, हे आपल्या 'बार्गेन'मध्ये येत नाही. मी भंगारप्रेमी आहे, देवचोर नाही.

आंबोळी

माझं आवडतं गवसलेलं सांगू? कौलं. हसू नका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझं सासर दापोलीकडे. अर्ध्या तासात घराचं छप्पर परसात. वादळानंतर सगळ्यांनी पत्रे घातले, साहजिक आहे, पावसाळा दारात. फुटकी कौलं ढिगाने रस्त्याकडेला. मी त्यातली अख्खी उलटून बघायला लागले तर पाठीवर नावं! मंगळूरच्या बासेल मिशनचं, आणखी कुठल्या कुठल्या कारखान्यांची, कुणावर पक्षी, कुणावर हत्ती. मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि ही कौलं गलबतांतून आपल्या बंदरांत उतरायची. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, डोक्यावर साठ वर्षं होती, कधी वाचली नाहीत. वाचणार कशी, अक्षरं आत आणि काळोख. अकरा वेगवेगळी जमली. एकही पैसा पडला नाही. नवरा म्हणतो घर गेलं त्याचं दुःख नाही, हिला कौलांचा आनंद. असं नाही हो. दोन्ही होतं.

आणि पितळेवरून आठवलं, आमच्याकडे सत्तरच्या दशकात स्टील आलं तेव्हा आजीने स्वतःहून पितळी डबे दिले आणि स्टीलचे घेतले. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. जुनाबाजारकर, तुम्ही त्या माणसाशी बोला. घंगाळ घासायला तुम्ही येणार होतात का?

देवगडी_जुनाबाजारकर

निरुत्तर. बोलतो उद्या.

मिठागर

आंबोळीताईंना माझ्याकडून एक कौल. (वाईट विनोद, माफी.)

वाशिष्ठीकाठ

उशीर झाला, माफ करा. मध्ये नातवंडं आली होती.

ऑपरेटरचा_मुलगा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. कडेला 'सेफ्टी' आहे. आंबट वास आहे, मुरत घातलेल्या कैरीसारखा, पण फार नाही. डबा आता देवघराच्या फडताळात, झाकण सैल. चिपळूणचं घर २२ जुलै २०२१ च्या पुरात सात फूट पाण्यात होतं. त्यात बाबांच्या साठ-सत्तर तबकड्या आणि मर्फीचा रेडिओ गेला, चिखलात लाखेचे तुकडे नुसते फावड्याने भरले. तेव्हापासून काहीही जुनं आणलं की माझा हात आपोआप वरच्या फळीकडे जातो.

बाहेरचे दोन-तीन वेढे चिकटलेत, ते तसेच ठेवले. त्याच्या आतली हातभर पट्टी हळूच सोडवली, सकाळच्या उन्हात खिडकीशी धरली आणि मोबाइलने फोटो काढले. काळी-पांढरी आहे. सुरुवातीची नावं नाहीत. शेत दिसतंय, चिखल केलेलं. एका रांगेत सहा बायका लावणी करतायत. दोन माणसं दोन टोकांना दोरी ताणून उभी, त्या दोरीच्या रेषेत रोपं. मागे एक जण डोक्यावरून इरलं घेऊन वाकलेली आहे. आणखी मागे डोंगर, त्याच्या पायथ्याशी देऊळ असावं. सोबत तीन फोटो जोडलेत. मोठे करून बघा.

ऑपरेटरचा_मुलगा

दोरीवरची लावणी! म्हणजे ही जपानी पद्धतीची भातशेती. १९५० च्या दशकात सरकारने तिचा जोरात प्रचार केला होता. ओळीत लावा, खुरपणी सोपी होते, पीक वाढतं, वगैरे. हे सिनेमाचं रीळ नाही साहेब, सिनेमाआधी दाखवायच्या सरकारी माहितीपटाचं आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये निघालं आणि असे माहितीपट, वार्तापट दाखवणं थिएटरांना परवान्याच्या अटीतच होतं. भाडंही भरावं लागायचं. दाखवून झालं की रीळ परत पाठवायचं, तुमचं कुणाकडून तरी राहून गेलेलं दिसतंय.

बाबा म्हणायचे, तंबूत सगळ्यात शांत अकरा मिनिटं हीच, कारण तंबूत कुणी नसायचंच.

मिठागर

कबूल. आमच्याकडे याला 'विडीचं रीळ' म्हणायचे. पुरुष बाहेर विडी ओढायला, पोरं शेंगदाण्याला.

अमदावादी_देवरुखकर

फोटो मोठे करून बघितले. वाशिष्ठीकाठ, तुमची निराशा करतोय, पण हे कोकण वाटत नाही. बायकांचा पदर बघा, उजव्या खांद्यावरून पुढे आलाय. हा गुजराती पदर. वलसाड-नवसारीकडे भात होतंच. डोंगर म्हणाल तर डांगचे असू शकतील.

देवगडी_जुनाबाजारकर

इरलं मात्र आपल्याकडचं वाटतंय. आणि काष्टा स्पष्ट दिसतोय तिसऱ्या बाईचा. गुजराती साडीला काष्टा?

अमदावादी_देवरुखकर

मग पदराचं काय?

आंबोळी

मी मघापासून त्या बायकांच्या हातांकडे बघतेय. उजव्या हातात रोपांची जुडी आणि डाव्या हाताने खोचतायत. सहाच्या सहा जणी. मी बारा वर्षं माहेरी लावणी केलीय. जुडी डाव्या हातात असते. एखादी डावरी असेल, सहा डावऱ्या एका दळीत कुठून येतील?

मेल्यांनो, आपण पडद्याच्या मागे बसलोत!

ऑपरेटरचा_मुलगा

हाहाहा! ताई, बाबा असते तर तुम्हाला मशीनवर घेतलं असतं.

वाशिष्ठीकाठ, पट्टीची एक बाजू चकचकीत आणि एक बाजू मंद असते. तुम्ही चकचकीत बाजू आपल्याकडे धरलीत. मंद बाजू डोळ्यांकडे धरा. बोट लावू नका, चित्र त्याच बाजूला असतं.

आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाका. १९६४ पासून जुनी रिळं सांभाळायचं काम तिथे चालतं. सांगा, वास यायला लागलाय. घेतील की नाही ते बघू, पण टाका.

वाशिष्ठीकाठ

पत्र उद्या टाकतो.

आत्ता रात्रीचे पावणेअकरा. ऊन नाही म्हणून बायकोने टॉर्च धरली, कागदाआडून, लांबून. पट्टी पालटली. पदर डाव्या खांद्यावर आले. जुडी डाव्या हातात. देऊळ पलीकडच्या बाजूला गेलं, आणि त्याच्या शेजारी ते जे झाडासारखं वाटत होतं ती दीपमाळ आहे. बायको म्हणतेय इरलंवाली हसतेय. मला तेवढं दिसत नाही. उजाडल्यावर पुन्हा फोटो टाकतो, देऊळ कुणाला ओळखता येतंय का बघा.